इंग्लंडमध्ये शिकताना शनिवार-रविवारच्या ऐतिहासिक सहली : या चुका टाळा

महाराष्ट्रातून इंग्लंडमध्ये शिकायला जाणाऱ्या अनेक मुलामुलींना गडकिल्ल्यांची सवय असते. पहाटे पायथ्याचे गाव गाठायचे, उजाडताच चढायला लागायचे, वर मनसोक्त फिरायचे आणि अंधार पडण्याआधी उतरायचे, हा त्यांचा शिरस्ता. बहुतेक गडांवर दार उघडायची वेळ नसते आणि आगाऊ तिकीटही लागत नाही. ही सवय चांगलीच आहे, पण ती जशीच्या तशी इंग्लंडमध्ये चालवली की सहल फसते. तिथली बहुतेक मोठी ऐतिहासिक स्थळे सकाळी नऊ-दहाला उघडतात, शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी थांबतो आणि गर्दीच्या ठिकाणी कोणत्या वेळी आत जायचे हे तिकिटावरच छापलेले असते. विद्यार्थी गाडीचे वेळापत्रक काळजीपूर्वक पाहतात, मात्र स्थळाचे वेळापत्रक पाहत नाहीत. फसलेल्या सहलींपैकी निम्म्याहून अधिकांचे मूळ इथेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

ऋतू आणि रविवार यांचा विचार न करणे

जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरच्या मध्यावर मात्र सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो, आणि उत्तरेकडे न्यूकॅसलच्या बाजूला त्याहूनही थोडा लवकर. शैक्षणिक वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते. अभ्यासात रुळून फिरायला निघेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, म्हणजे पहिल्या सहली नेमक्या सर्वांत लहान दिवसांत पडतात. उघड्यावरची भग्न स्थळे, तटबंद्या आणि पायवाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात किंवा एप्रिलनंतर ठेवाव्यात, आणि हिवाळ्यासाठी संग्रहालये, कॅथेड्रल व राजवाडे राखून ठेवावेत. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास पुढे जातात. त्या दिवसाचे तिकीट काढले असेल, तर आदल्या रात्री हे आठवणीने ध्यानात घ्यावे.

रविवारचा दुसरा प्रश्न प्रार्थनास्थळांचा आहे. कॅथेड्रल ही नांदती देवळे आहेत, त्यामुळे रविवारी सकाळी तिथे उपासना चालू असते. यॉर्क मिन्स्टर रविवारी पर्यटकांसाठी दुपारी उघडते, तर विंडसर किल्ल्यातले सेंट जॉर्ज चॅपल, जिथे आठवा हेन्री पुरला आहे, रविवारी पर्यटकांना पाहता येत नाही. अशी स्थळे शनिवारी पाहावीत. रविवारीच पोहोचणार असाल, तर संध्याकाळच्या प्रार्थनेला बसावे. तिला शुल्क नसते, कोणत्याही धर्माच्या माणसाला बसता येते आणि ज्यासाठी ती वास्तू उभारली गेली ते गायन त्या छताखाली ऐकायला मिळते. केवळ फिरून पाहण्यापेक्षा हा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो.

एका दिवसात तीन ठिकाणे

विंडसर, स्टोनहेंजचे प्राचीन दगडी वर्तुळ आणि बाथ एकाच दिवशी दाखवणाऱ्या बससहली लंडनहून निघतात, आणि पैसे वाचतात या हिशेबाने विद्यार्थी त्या घेतात. दिवसाचा मोठा भाग बसमध्ये जातो, प्रत्येक ठिकाणी घाईने छायाचित्रे काढली जातात आणि संध्याकाळी काय पाहिले ते सांगता येत नाही. त्याऐवजी एक गाव निवडून त्याला पूर्ण दिवस द्यावा.

स्टोनहेंजचेच पाहा. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून सॉल्सबरीला गाडीने साधारण दीड तास लागतो आणि पुढे स्थानकाबाहेरून बस मिळते. अनेकांना वाटते की बसमधून उतरलो की समोर दगड असतील. प्रत्यक्षात अभ्यागत केंद्र दगडांपासून सुमारे 2.4 किलोमीटर दूर आहे, आणि तिथून दुसऱ्या बसने किंवा चालत जावे लागते. वर्तुळाच्या आतही एरवी जाता येत नाही, ठरवून दिलेल्या वाटेवरूनच दगड पाहायचे असतात. आत जायचे असेल तर पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या खास भेटीचे तिकीट बरेच आधी काढावे लागते, नाहीतर उन्हाळ्यातल्या व हिवाळ्यातल्या अयनदिनी ते सर्वांना खुले असते तेव्हा जावे. हे माहीत नसल्यामुळे निराश होऊन परतणारे दर आठवड्याला असतात. माहीत असेल, तर तेच लोक केंद्रातले प्रदर्शन नीट पाहतात. लहान निळसर दगड वेल्समधून आले हे पूर्वीपासून माहीत होते, आणि मधला आडवा दगड थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातला आहे, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. एवढे कळल्यावर दोरीपलीकडूनही ते वर्तुळ वेगळे दिसते.

उरलेला दिवस सॉल्सबरीतच घालवावा. तिथल्या कॅथेड्रलचा मनोरा 123 मीटर उंच असून ब्रिटनमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच आहे, आणि राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक तिथे आहे. गावाबाहेर ओल्ड सारमचा टेकडीवरचा उजाड किल्ला आहे. मूळ वस्ती तिथेच होती, ती तेराव्या शतकात खाली नव्या सॉल्सबरीत उतरली. वस्ती उठून गेली तरी ओल्ड सारमची संसदेतली जागा 1832 पर्यंत टिकली, आणि ज्याच्या मालकीची जमीन त्याच्या मर्जीतला माणूस निवडून येई. ही जमीन मद्रासचा गव्हर्नर झालेल्या थॉमस पिटने विकत घेतली होती, आणि त्याचा नातू थोरला विल्यम पिट 1735 मध्ये याच जागेवरून संसदेत शिरला. भारतात कमावलेल्या पैशाचे आणि इंग्लंडच्या राजकारणाचे नाते समजून घ्यायला याहून चांगली टेकडी शोधून सापडणार नाही. तरीही स्टोनहेंजच्या बसमधले बहुसंख्य विद्यार्थी तिच्या जवळून न उतरता निघून जातात.

तिकिटे आणि सभासदत्वे

सोळा ते पंचवीस वयोगटासाठी असलेले रेलकार्ड पूर्ण वेळ शिकणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांनाही मिळते आणि त्यामुळे भाडे एक तृतीयांशाने कमी होते. आठवड्याच्या दिवशी सकाळी लागू असणारी किमान भाड्याची अट शनिवार-रविवारी नसते, म्हणून सहलींना ते विशेष उपयोगी पडते. कार्ड मोबाइलमध्ये असेल आणि मोबाइल बंद पडला, तर तपासनिसाच्या दृष्टीने कार्ड नाहीच. चार्जिंगची सोय बरोबर ठेवावी.

सर्वांत स्वस्त असलेले ॲडव्हान्स तिकीट एकाच ठरावीक गाडीपुरते असते. जाताना ते जरूर काढावे, पण परतीचे तिकीट तसे काढले की संग्रहालयात पाय रेंगाळू लागल्यावर मन घड्याळाकडे धावते. परतीसाठी थोडे जास्त पैसे देऊन कोणत्याही कमी गर्दीच्या गाडीला चालणारे तिकीट घ्यावे, असा माझा सल्ला आहे. रुळांची दुरुस्ती बहुधा रविवारीच निघते आणि गाडीऐवजी बस दिली जाते, त्यामुळे दोन तासांचा प्रवास चार तासांचा होऊ शकतो. तिकीट काढताना आणि पुन्हा आदल्या रात्री वेळापत्रक पाहावे.

सभासदत्वाच्या बाबतीत एक गोंधळ वारंवार होतो. इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे सांभाळणाऱ्या आणि सभासदांना ती विनाशुल्क दाखवणाऱ्या दोन वेगळ्या संस्था आहेत. पहिलीकडे 400 हून अधिक स्थळे आहेत, दुसरीकडे प्रामुख्याने वाडे, बागा आणि मोकळ्या जमिनी. कॅथेड्रल यांपैकी कोणाकडेही नाहीत, आणि लंडनचा टॉवर तिसऱ्याच संस्थेकडे आहे. आधी वर्षभरातल्या स्थळांची यादी करावी, मग सभासदत्व घ्यावे. विद्यापीठाचे ओळखपत्र सतत जवळ असावे, कारण सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही.

काहीही न वाचता जाणे

रोमन सम्राट हेड्रियनने इसवी सन 122 मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये सुरू केलेली भिंत 117 किलोमीटर लांब होती. आज बऱ्याच ठिकाणी ती कमरेएवढी उरली आहे, आणि तटबंदी म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे रायगडाचा महादरवाजा येतो त्यांचा विरस होणे स्वाभाविक आहे. म्हणून निघण्याआधी ब्रिटिश म्युझियममध्ये विंडोलँडा या भिंतीजवळच्या रोमन लष्करी ठाण्यात सापडलेल्या लाकडी पत्रिका पाहाव्यात. सैनिकांच्या याद्या, तक्रारी आणि क्लॉडिया सेव्हेरा या बाईने मैत्रिणीला धाडलेले वाढदिवसाचे आमंत्रण त्यांत आहे. म्युझियमला प्रवेश विनाशुल्क आहे. हे पाहून गेलेल्या माणसाला त्या बुटक्या अवशेषांमध्ये थंडीने कुडकुडणारी, पत्र लिहिणारी माणसे दिसतात. भिंतीलगत धावणारी बस हंगामी असते आणि विंडोलँडाचे तिकीट वेगळे लागते, हेही आधी पाहून ठेवावे.

जवळचे विसरणे

लंडनमध्ये राहून स्कॉटलंडपर्यंत जाऊन आलेले, पण चॉक फार्म स्थानकाजवळच्या किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घर न पाहिलेले मराठी विद्यार्थी पुष्कळ आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते, आणि 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने पाहावे असे याहून जवळचे ऐतिहासिक स्थळ कोणते? ही निवासी वस्ती असल्यामुळे जाण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहाव्यात आणि मोठ्या गटाने रस्त्यावर ताटकळू नये.

तरीही बिघडलेच तर

पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली, तर ॲडव्हान्स तिकीट वाया जात नाही. तुमच्याकडे संपूर्ण प्रवासाचे वैध तिकीट असले की पुढच्या गाडीने जाता येते, फक्त फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विचारून चढावे. उशीर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर नुकसानभरपाई मागता येते, म्हणून तिकीट जपून ठेवावे. गाड्या रद्द झाल्यामुळे रात्रीची शेवटची गाडी हुकली, तर स्वतःच्या पैशाने टॅक्सी करण्याआधी स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांकडे जावे, कारण शक्य असेल तिथे प्रवाशाला पोहोचवण्याची किंवा मुक्कामाची सोय करण्याची जबाबदारी रेल्वे कंपनीवर असते. चूक तुमची असेल, म्हणजे स्थळावर वेळ विसरला म्हणून गाडी गेली असेल, तर मात्र नवे तिकीट काढावे लागते. त्यामुळे शेवटच्या गाडीचा नव्हे, तर तिच्या आधीच्या गाडीचा बेत करावा, आणि खेड्यात जाणार असाल तर स्थानकापर्यंत आणणाऱ्या शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरतानाच थांब्यावर पाहून घ्यावी.