रणगाड्याच्या 192 कड्या: ओतकामाचा खर्च आधी कसा काढायचा

मोठ्या मापाचं मॉडेल करायला घेतलं की प्रत्येकजण आधी धातूचा किलोचा भाव विचारतो. मीही तेच केलं होतं. आता सांगतो, भाव शेवटी विचारा. पैसे जातात ते नमुन्यात (ज्याचा ठसा वाळूत घेऊन साचा बनतो), मशिनिंगमध्ये आणि बाद मालात.

माझं मॉडेल जर्मन टायगर-1चं, 1:6 मापाचं. खऱ्या रणगाड्याच्या पट्ट्यात एका बाजूला 96 कड्या, म्हणजे एकूण 192. कडीची रुंदी 725 मिलिमीटर, पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, 130. सहाने भागलं की साधारण 121 आणि 21.7 उरतात.

आधी कडीचं वजन काढायचं. काठोकाठ भरलेल्या भांड्यात नमुन्याची कडी बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. लाकडी असेल तर वार्निश मारून घ्या, नाहीतर ती पाणी पिते. तरंगायला लागली तर सुईने दाबून धरा. माझ्या कडीने 15 मिलिलिटर पाणी सांडलं. ॲल्युमिनियमची घनता 2.7, म्हणजे कडी 40 ग्रॅमची आणि सगळ्या मिळून पावणेआठ किलोच्या. ओतीव लोखंडात हाच हिशेब पावणेएकवीस किलोवर जातो. मॉडेल 1:6 ऐवजी 1:4 केलं तर वजन दीडपट होत नाही, जवळपास 3.4 पट होतं. उत्साहाच्या भरात माप वाढवणाऱ्यांनी एवढं गणित करूनच पुढे जावं.

वितळवायचा धातू मात्र याच्या दुप्पट धरा. रनर, गेट, रायझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा) मिळून मालाइतकंच वजन सहज होतं. ते कापून पुन्हा भट्टीत जातं खरं, पण इंधन आणि जळून गेलेला धातू तुमच्याच खात्यावर पडतो. शिवाय दहा टक्के कड्या जास्तीच्या सांगा.

आता नमुना. एकच कडी साच्यात दाबत बसलात तर 192 वेळा वाळू भरावी लागेल. मॅच प्लेटवर, म्हणजे नमुने पक्के बसवलेल्या पाटीवर, आठ कड्या बसवल्या की साच्याच्या 24 पेट्यांत काम होतं. प्लेट महाग पडते, पण तो खर्च सगळ्या कड्यांवर वाटला जातो. स्प्रॉकेट, म्हणजे पट्टा ओढणारी दातेरी चाकं, लागतात मोजकेच. त्यांच्यासाठी नमुना करणं मला उधळपट्टी वाटते. ते धातूच्या जाड प्लेटमधून कापून घ्या. हल (रणगाड्याचं धड) तर पत्र्याचाच करा. दोनचार वेड्यावाकड्या आकाराचे भाग असतील तर 3D प्रिंटरवर छापलेला नमुना साच्यातच जाळून त्या जागी धातू ओतायची पद्धत बरी.

आणि आकुंचन! ॲल्युमिनियम थंड होताना साधारण 1.3 टक्के आक्रसतं. मी ते धरलं होतं, पण एकदाच. लाकडी कडीवरून आधी ॲल्युमिनियमची कडी ओतली, तीच घासूनपुसून मॅच प्लेटवर चढवली. म्हणजे धातू दोनदा आक्रसला. वर ड्रिलिंगचे पैसे वाचवायला पिनांची भोकं कोअर (भोकाच्या जागी साच्यात ठेवायचा गाभा) घालून ओतातच काढली होती. पिच 21.7 चा 21.4 झाला. हातात धरून फरक कळतही नव्हता. पट्टा जोडला तर 27 मिलिमीटर आखूड! एक कडी वाढवून लांबी जमवली, पण स्प्रॉकेटचे दात तिसऱ्या-चौथ्या कडीवर चढायला लागले. सगळा लॉट पुन्हा भट्टीत गेला. धातू परत मिळाला, मजुरी बुडाली.

दुसऱ्या खेपेला मूळ नमुना 2.6 टक्के मोठा केला आणि भोकं जिगमध्ये (प्रत्येक कडी एकाच जागी पकडणाऱ्या चौकटीत) धरून ड्रिल केली. या ड्रिलिंगचं बिल ओतकामापेक्षा जास्त आलं, म्हणून मशिनिंगचा भाव कडीमागे वेगळा मागून घ्या.

घरी ओतायचा मोह होतो. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, छोट्या भट्टीत जमतं. पण ओला तुकडा वितळलेल्या धातूत पडला की पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. प्रत्येक तुकडा आधी तापवून कोरडा करायचा. मी सुट्या चाकांपुरतं घरी करतो, कड्यांच्या वाटेला जात नाही.

फाउंड्रीत जाताना विचारायचं ते असं: किलोचा भाव तयार मालावर की ओतलेल्या धातूवर? फेटलिंग, म्हणजे ओतीव माल कापून-घासून साफ करणं, धरलंय का? कमीत कमी किती किलोचं काम घेतात? सच्छिद्र निघालेली कडी बदलून देणार का? आणि मॅच प्लेट काम झाल्यावर तुमच्या ताब्यात येणार, हे बिलावर लिहून घ्या. माझ्या पहिल्या प्लेटचं पुढे काय झालं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.