लाल राळेतला रंग कसा तपासावा: हिरादखणाची रासायनिक ओळख

काष्टौषधींच्या दुकानात हिरादखण किंवा खुनखराबा या नावाने मिळणारी गडद लाल राळ नेमकी कोणत्या झाडाची आहे, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. एक राळ सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरील एका वेताच्या फळांवर, खवल्यांच्या फटींतून पाझरते. दुसरी येमेनच्या सोकोत्रा बेटावरील ड्रॅसीना वृक्षाच्या सालीला चिरा दिल्यावर ओघळते. आपल्याकडच्या बिवळ्याच्या खोडातून निघणारा, वाळल्यावर काळपट लाल होणारा रस ही तर राळच नव्हे, तरीही त्याची या दोघींशी गल्लत होते. पुढील कृती ज्या क्रमाने दिली आहे त्याच क्रमाने करावी, कारण शेवटच्या पायरीची सुरक्षितता आधीच्या पायऱ्यांवर अवलंबून आहे.

प्रथम वाटाण्याएवढा खडा घेऊन खलात त्याची बारीक पूड करावी. हातमोजे घालावेत आणि पूड नाकातोंडात जाऊ देऊ नये. चिमूटभर पूड अर्धा पेला थंड पाण्यात टाकून ढवळावी आणि पंधरा मिनिटे ठेवावी. खऱ्या राळेची पूड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी जवळजवळ रंगहीन राहते. बिवळ्याच्या रसात मात्र टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि ते पाण्यात उतरून पाणी तांबडे करते. असे झाल्यास लोखंडी खिळा व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस भिजवून मिळालेल्या द्रवाचे काही थेंब त्या पाण्यात घालावेत. रंग हिरवट-काळा झाला, तर टॅनिन असल्याचा तो पुरावा समजावा. ही पायरी वगळून थेट अल्कोहोलकडे जाण्यात अर्थ नाही, कारण बिवळ्याचा रस अल्कोहोलमध्येही विरघळतो आणि तेथे दोन्ही द्रावणे सारखीच लाल दिसतात.

त्यानंतर काचेच्या लहान बाटलीत चिमूटभर कोरडी पूड आणि दोन चमचे तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, झाकण लावून हलवावे आणि तासाभराने गाळण-कागदातून गाळावे. जवळपास विस्तव नसावा आणि खिडक्या उघड्या असाव्यात. गाळलेले द्रावण पारदर्शक लाल दिसेल. कागदावर तपकिरी काडीकचरा उरणे स्वाभाविक आहे, परंतु जड, भडक लाल पूड उरली तर ती गेरू, शेंदूर किंवा हिंगूळ यांची भेसळ असू शकते. शेंदुरात शिसे आणि हिंगुळात पारा असतो. म्हणून असा नमुना तेथेच बाजूला ठेवावा आणि कोणत्याही परिस्थितीत तापवू नये.

यापुढील आम्लाची चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावी. लाल द्रावणाचे दोन भाग करून एक तुलनेसाठी तसाच ठेवावा आणि दुसऱ्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालावेत. लिंबाचा रस वापरण्याचा मोह होतो, पण लिंबातले दुर्बल आम्ल अल्कोहोलमध्ये प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) सहज सोडत नाही आणि चाचणी फसवी ठरते. योग्य आम्ल घातल्यावर लाल छटा ओसरून द्रावण पिवळट-नारिंगीकडे झुकते. खाण्याच्या सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने घातल्यास लाल छटा परत येऊ लागते. पाण्यामुळे राळ बाहेर पडून द्रावण गढूळ होऊ शकते, त्यामुळे थेंब मोजकेच असावेत.

आमसूल किंवा जांभूळ ज्यांनी तपासले आहे, त्यांना हे उलटे वाटेल, कारण तेथे आम्लात लाल रंग खुलतो. गंमत अशी की ही फळे आणि राळ या दोन्हींची रंगद्रव्ये फ्लॅव्हिलियम नावाच्या एकाच रेणू-सांगाड्यावर उभी आहेत. आमसुलातील अँथोसायनिन या रंगद्रव्यात या सांगाड्याच्या तिसऱ्या स्थानी ऑक्सिजन आणि त्याला जोडलेली साखर असते, आणि त्याचे धनभारित रूप लाल असते. राळेतील रंगद्रव्यांत ते स्थान मोकळे असते. त्यामुळे त्यांचे धनभारित रूप पिवळे दिसते आणि प्रोटॉन निघून गेल्यावर उरणारे रूप लाल असते. ज्वारीच्या ताटावर आणि पानांवर पडणाऱ्या तांबड्या डागांतही याच मोकळ्या स्थानाच्या कुळातील द्रव्ये असतात. वेताच्या राळेत ड्रॅकोऱ्होडिन आणि ड्रॅकोरुबिन ही प्रमुख लाल द्रव्ये आहेत, तर ड्रॅसीनाच्या काही जातींच्या राळेत ड्रॅकोफ्लॅव्हिलियम हे लाल द्रव्य सापडते. 2008 साली पोर्तुगालमधील संशोधकांनी या द्रव्यांचा उपयोग राळेचे मूळ झाड ओळखण्याच्या खुणा म्हणून दाखवून दिला. अर्थात त्यासाठी द्रव्ये वेगळी करणारी उपकरणे लागतात. वरील चाचणी फक्त रंगद्रव्याचे कुळ सांगते, झाड सांगत नाही.

झाडाचा अंदाज घेण्यास शेवटची पायरी थोडी मदत करते. भेसळीची शंका नसलेल्या नमुन्याची अगदी चिमूटभर पूड जुन्या स्टीलच्या चमच्यात घेऊन, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून मंद आचेवर धरावी. राळ वितळते, बिवळ्याचा रस न वितळता करपतो. वेताच्या राळेत बेंझोइक आम्ल आणि त्याची संयुगे असल्याने तिच्यातून घशाला झोंबणारी वाफ निघते, तर ड्रॅसीनाच्या राळेतून तशी वाफ येत नाही. ही वाफ मुद्दाम हुंगू नये. चमचा हातभर दूर ठेवूनही तिचा तिखटपणा जाणवतो.