अमेरिकेत केचप इम्पोर्ट करून विकायचंय? मग आधी बाटलीची मागची बाजू वाचा

अमेरिकेत बाहेरून केचप आणायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो ड्युटी किती, आणि तोच सगळ्यात सोपा आहे. टॅरिफमध्ये टोमॅटो केचपला स्वतःचा कोड आहे, 2103.20.20, मूळ दर 6 टक्के, आणि त्याच्या खालीच बाकीचे टोमॅटो सॉस, 2103.20.40, दर 11.6 टक्के. त्याच्या डोक्यावर देशानुसार जादा टॅरिफ बसतात आणि ते 2025 पासून सारखे बदलतायत, त्यामुळे माल निघायच्या आठवड्यात कस्टम ब्रोकरला विचारायचं, कुठेतरी वाचलेला जुना आकडा धरून किंमत काढायची नाही. पण माल ड्युटीपायी क्वचितच अडकतो, अडकतो तो रेसिपी आणि लेबलपायी.

तिथे केचप कशाला म्हणायचं हे कायद्यातच लिहिलंय, 21 सीएफआर 155.194 मध्ये (सीएफआर म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचा नियमसंग्रह). टोमॅटोचा घट्ट केलेला रस, व्हिनेगर, साखर किंवा कॉर्न सिरपसारखं गोड काहीतरी, मसाले-फ्लेवर, कांदा-लसूण, आणि मीठ अर्थातच. आता तुमच्या सप्लायरच्या बाटलीची मागची बाजू बघा, तिथे 1422, 415, 211 असे आकडे दिसले तर तो अनुक्रमे मॉडिफाइड स्टार्च, झँथन गम आणि सोडियम बेंझोएट आहे, आणि या तिघांपैकी एकही त्या यादीत नाही. हे पदार्थ तिथे विषारी मानतात असं अजिबात नाही, इतर सॉसमध्ये चालतात, फक्त ते घातलेल्या मालाला केचप हे नाव लावता येत नाही. (बेंझोएटवरून तर तिथे 1906 च्या शुद्ध अन्न कायद्याच्या काळात मोठी भांडणं झाली होती आणि त्यात केचप अगदी मध्यभागी होतं.) मग दोनच रस्ते, सप्लायरकडून वेगळी रेसिपी करून घ्या नाहीतर नाव बदला, आणि नाव बदललं तर टॅरिफ कोडही ब्रोकरकडून परत तपासून घ्या. हे फक्त अमेरिकेतच होतं असं नाही बरं का, 2015 मध्ये इस्रायलच्या आरोग्य मंत्रालयाने हाइन्झसारख्या कंपनीला हिब्रू लेबलवर केचप लिहायला मनाई केली होती, कारण टोमॅटोचं प्रमाण तिथल्या स्टँडर्डपेक्षा कमी पडत होतं.

रंगाचं तर जास्तच कडक आहे. 122 म्हणजे कार्मोइसिन आणि 124 म्हणजे पोन्सो 4आर, हे दोन लाल रंग बऱ्याच देशांत चालतात पण अमेरिकेत खाण्याच्या पदार्थात बंद आहेत, आणि अशा रंगांसाठी एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याचा, 45-02 नंबरचा इम्पोर्ट अलर्ट आहे, त्यात कारखान्याचं नाव एकदा चढलं की पुढचा प्रत्येक कंटेनर न तपासताच अडवता येतो. नाव काढून घ्यायला किती पत्रव्यवहार करावा लागतो ते विचारू नका.

दाटपणाचीही परीक्षा आहे आणि ती बघायला मजा येते. बॉस्टविक नावाचं एक स्टीलचं लांबट पन्हाळं असतं, सेंटिमीटरच्या खुणा केलेलं, एका टोकाला छोटा कप्पा आणि त्याला स्प्रिंगचं दार. कप्पा 20 डिग्री सेल्सियसच्या केचपने काठोकाठ भरायचा, वरून सपाट करायचा, दार सोडायचं आणि घड्याळ लावायचं, 30 सेकंदात केचप 14 सेंटिमीटरच्या पुढे सरकलं तर ते पातळ, मग लेबलवर क्वालिटी स्टँडर्डपेक्षा कमी आहे असं छापावं लागतं आणि तसं छापलेली बाटली कोण घेणार. स्टार्च काढून टाकलेली नवी रेसिपी नेमकी इथेच आपटते, म्हणून सॅम्पल लॅबला पाठवताना घटक, रंग, पीएच (आंबटपणाचं माप) आणि बॉस्टविक सगळं एकदमच करून घ्या. पातळ केचपचा कंटेनर परत पाठवण्यापेक्षा लॅबचं बिल कधीही परवडतं.

पीएचचा मुद्दा बरेच जण सोडून देतात. ॲसिडिफाइड फूडच्या, म्हणजे मुळात आंबट नसलेल्या पण आंबट घालून टिकवलेल्या पदार्थांच्या, नियमात माल बसला तर कारखान्याला वेगळा एफसीई नंबर (अशा कारखान्यांचा एफडीएकडचा नोंदणी नंबर) घ्यावा लागतो आणि प्रोसेस एफडीएकडे फाइल करावी लागते. केचप मुळातच आंबट असल्यामुळे सहसा त्यातून सुटतं, पण आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही, प्रोसेस ऑथॉरिटी म्हणून काम करणाऱ्या तज्ज्ञाकडून तसं पत्र घेऊन ठेवा, विचारलं की लगेच दाखवता येतं.

मग रजिस्ट्रेशन. कारखान्याची एफडीएकडे नोंदणी लागते, ती फुकट असते, अमेरिकेत राहणारा एक यूएस एजंट नेमावा लागतो, आणि दर सम वर्षी 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळात ती रिन्यू करायची असते, विसरलात तर नोंदणी गेली. या नोंदणीचं एफडीए कुठलंही सर्टिफिकेट देत नाही, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट विकणारे भेटतील, तो नुसता कागद आहे.

इम्पोर्टर म्हणून तुमच्या स्वतःच्या गळ्यात पडतं ते एफएसव्हीपी, म्हणजे सप्लायर सुरक्षित माल बनवतोय हे तुम्ही तपासलंय याची लेखी फाइल. धोके कुठले (पुरेसं न तापवणं, काचेचे तुकडे, कीटकनाशक), ते कारखाना कसे सांभाळतो, ऑडिट कधी झालं, हे सगळं लिहिलेलं हवं आणि ते काम जाणकार माणसाने केलेलं हवं. माझ्या मते ही फाइल माल पोचल्यावर बनवायला घेणं हा शुद्ध आळस आहे, इन्स्पेक्टर तारखा बघतोच.

आणि टोमॅटो पेस्ट कुठली ते विचारलंत का? बरेच केचपवाले पेस्ट ड्रममध्ये विकत घेतात. चीनमधल्या शिंजियांगच्या टोमॅटोवर तिथल्या सक्तमजुरीमुळे अमेरिकन कस्टमने जानेवारी 2021 मध्येच बंदी आणली आणि जून 2022 पासून सक्तमजुरीविरोधी कायदा लागू आहे, तिथली पेस्ट तिसऱ्याच देशात बाटलीत भरली तरी माल अडवला जातो. पेस्टची बिलं आणि लॉट नंबर कंटेनरबरोबर मागून घ्या, तोंडी खात्री चालत नाही.

लेबल इंग्रजीत. वजन औंस आणि ग्रॅम दोन्हीत, पुढच्या बाजूच्या खालच्या 30 टक्के भागात, सर्व्हिंग 1 टेबलस्पून, ॲडेड शुगर वेगळी, देशाचं नाव स्पष्ट. ॲलर्जनच्या यादीत 2023 पासून तीळ नववा आहे. बाकी डिझायनरला सांभाळू दे, पण जुन्या लेबलवर स्टिकर मारून भागवायचं असेल तर ते निघणार नाही असं मारा.

माल निघताना समुद्रमार्गे असेल तर आयएसएफ, म्हणजे मालाची आगाऊ माहिती कस्टमला देणारी फाइल, माल जहाजावर चढायच्या 24 तास आधी, नाहीतर 5,000 डॉलरपर्यंत दंड, आणि एफडीएला माल येतोय हे कळवणारी प्रायर नोटिस माल पोचण्याच्या किमान 8 तास आधी. कस्टम बॉन्ड, म्हणजे कस्टमला द्यायची पैशांची हमी, ब्रोकर करून देतो. आता लक्ष द्या, कस्टमने माल सोडला म्हणजे एफडीएने सोडला असं नसतं, कंटेनर तुमच्या गोदामात उभा असतो, दुकानदार फोन करत असतो आणि स्टेटस अजून तपासणीतच असतं. 'मे प्रोसीड', म्हणजे एफडीएची हिरवी खूण, दिसेपर्यंत एक खोकाही हलवू नका, कारण नंतर माल परत हजर करा म्हणाले आणि तो विकून झालेला असला तर बॉन्डवर मालाच्या किमतीच्या तिप्पट रकमेपर्यंत मागणी येऊ शकते.