खिम्याचे गोळे: पाकिटातले कधी घ्यावेत, घरचे कसे करावेत

रश्श्यासाठी गोळे घरचेच हवेत. तव्यावर परतून, पावात घालून किंवा पाहुण्यांपुढे टूथपिक टोचून ठेवायचे असतील तर फ्रोझन पाकीट चालतं. माझं मत इतकं स्पष्ट आहे, आणि त्याला कारण आहे.

पाकिटातले गोळे बहुतेक वेळा कारखान्यातच पूर्ण शिजवलेले असतात. मांस एकदा शिजून आवळलं की आवळलं. असा गोळा रश्श्यात कितीही वेळ उकळा, त्याच्या आतून रश्श्यात फारसं काही उतरत नाही आणि रश्श्याची चवही आत मुरत नाही. एकाच पातेल्यात राहूनही दोघं परके. कच्चा गोळा रटरटत्या रश्श्यात सोडला की त्याची चरबी आणि रस हळूहळू सुटतो, वर तवंग येतो, रस्सा अंगाला दाट होतो. आमच्या सीकेपी घरात गोळे आधी तळत नाहीत, थेट रश्श्यात सोडतात, ते यासाठीच. रस्सा गोळ्यांमुळे होतो, गोळे त्यात फक्त पोहायला येत नाहीत.

तरीही पाकीट घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. नोकरी करून संध्याकाळी सात वाजता घरी पोचणाऱ्या बाईला खिमा मळायला सांगणं सोपं आहे. फक्त पाकीट उलटं करून वाचून घ्या. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून पहिली तीन नावं महत्त्वाची. चिकन, मग पाणी, मग सोया प्रथिनं किंवा स्टार्च असा क्रम दिसला तर तुम्ही नेमके कशाचे पैसे मोजताय ते कळतं. आयएनएस (अन्नात मिसळायच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) ४५१ किंवा ४५२ असे आकडे म्हणजे फॉस्फेट. त्यामुळे मांस पाणी धरून ठेवतं आणि चावताना गोळा रबरासारखा उसळतो. ते घालायला कायद्याने परवानगी आहे, पण तो उसळतेपणा मांसाचा नव्हे हे माहीत असावं. सोडियमचा आकडाही बघा. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते समजतं. १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर दीड ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, म्हणजे घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर हा हिशोब करायलाच हवा.

दुकानात पाकीट हलवून बघा. गोळे सुटे खडखडले पाहिजेत. एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असेल आणि आत बर्फाचा भुगा साचला असेल तर माल मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलाय. वीज वाचवायला रात्री फ्रीझर बंद ठेवणारी दुकानं असतात, आणि ती अशाच पाकिटांवरून ओळखू येतात. बाकीची सगळी खरेदी उरकली की शेवटी फ्रीझरकडे जा आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून आणा.

या गोळ्यांना त्यांच्या जातीचं जेवण द्या. तव्यावर थोडं लोणी, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, भरपूर काळी मिरी, वरून लिंबू. नव्या मुंबईत तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात आयकिया हे स्वीडिश फर्निचरचं दुकान, उपाहारगृहासकट, उघडलं, तेव्हापासून आमच्या ठाण्यातल्या पुष्कळ मुलांना स्वीडिश पद्धतीच्या चिकनच्या गोळ्यांची ओळख झाली. सोबत बटाट्याचा लगदा, साईचा पांढरा सॉस आणि आंबटगोड लालचुटुक जॅम. तो मेळ उत्तम आहे, कारण तिथे सॉस वेगळा शिजतो आणि गोळ्यावर फक्त ओतला जातो. आपल्या वाटणाच्या रश्श्याचा स्वभाव तसा नाही.

आता घरचे.

सगळी गोम खिम्यात आहे आणि खिमा मटणवाल्याच्या ओंडक्यापाशी ठरतो. आधीच काढून ट्रेमध्ये ठेवलेला खिमा मी घेत नाही. तो कधी काढला, कशाचा काढला, कळायला मार्ग नसतो. तुकडा दाखवून समोर खिमा करून घ्या. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं, आणि बोकडाच्या अंगावर चरबी कमी. नुसत्या रानाचा, म्हणजे मागच्या मांडीचा, खिमा घेतला की गोळे कोरडे, भुसभुशीत होतात. म्हणून मी दस्त मागते, म्हणजे पुढच्या पायाचं, खांद्याकडचं मांस. त्यात चरबीही असते आणि चिकटपणाही. अर्धा किलोला पन्नास ग्रॅम गुर्द्याजवळची पांढरी चरबी वेगळी घालायला सांगते. नेहमीचे भाई आता विचारतातच, ‘‘ताई, गोळ्यांचा की पावाबरोबरचा?’’ गोळ्यांचा असेल तर मशीनमधून दोनदा काढतात. पावाबरोबर खायच्या सुट्या खिम्याला एकदा पुरे. मटण किलोला ७००-८०० रुपयांच्या घरात गेलंय, तेव्हा एवढं चोखंदळपण दाखवायला संकोच करू नका. रविवारी रांग असते म्हणून घाई होते. सकाळी लवकर जा, भाईंनाही बोलायला वेळ असतो.

घरी आणल्यावर खिमा धुऊ नका. धुतलेला खिमा पाणी पितो आणि गोळा फुटतो. धुवायचंच असेल तर तुकडे असतानाच धुऊन, निथळून मग मशीनमध्ये घालायला सांगा. आणलेला खिमा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, परातही सोबत ठेवली तर उत्तम. खिमा गार असला की चरबी घट्ट राहते. उन्हाळ्यात गरम हातांनी मळलं की चरबी वितळून तळव्याला लागते आणि गोळ्यातून जाते.

अर्धा किलो खिम्याला सपाट एक चहाचा चमचा मीठ. हे मीठ सगळ्यात आधी, एकटं घाला आणि तीन-चार मिनिटं एकाच दिशेने मळा. सुरुवातीला खिमा सुटा सुटा, शेवयांसारखा असतो. मिठामुळे मांसातलं प्रथिन सुटायला लागतं, रंग किंचित फिका पडतो, परातीच्या कडेला पांढुरका चिकट थर धरतो. चिमूटभर उचलून तळवा उलटा करा. खिमा खाली पडला नाही, तळव्याला धरून राहिला, की झालं. ही पायरी नीट केली तर अंडं लागत नाही. माझ्या सासूबाई पेणच्या, त्यांनी कधीच अंडं घातलं नाही आणि त्यांचा गोळा कधी फुटलेला मी बघितला नाही. मसाले, कांदा, कोथिंबीर सगळं एकदम घालून मळणाऱ्यांचे गोळे फुटतात, मग त्यांना अंडं आठवतं, बेसन आठवतं. बेसनाने गोळा टिकतो खरा, पण आतून कच्च्या पिठाचा वास मारतो.

चिकटपणा आला की बाकीचं घाला. पावाचे दोन स्लाइस कडा काढून चार मोठे चमचे दुधात भिजवून कुस्करा. हा लगदा शिजताना सुटणारा रस धरून ठेवतो, त्यामुळे गोळा मऊ राहतो. पाव नको असेल तर तीन चमचे डाळ्यांचं पीठ. ते भाजलेल्या डाळीचं असल्याने कच्चट लागत नाही. आलं, लसूण, चार हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर यांचं वाटण पाणी न घालता वाटलेलं, दोन मोठे चमचे. अर्धा चमचा हळद, एक चमचा गरम मसाला. कांदा घातलाच तर एक लहान, अगदी बारीक चिरून आणि पिळून. आता फार मळू नका, मिसळण्यापुरतंच. फार मळलं की घरचा गोळाही पाकिटातल्यासारखा उसळायला लागतो.

चव बघायला कच्चा खिमा जिभेवर ठेवू नका. सुपारीएवढा तुकडा तव्यावर भाजा आणि खाऊन बघा. मीठमिरची सुधारायची हीच वेळ.

ओल्या हाताने लहान लिंबाएवढे, साधारण २५ ग्रॅमचे गोळे करा. पंचवीसेक होतात. पृष्ठभागावर भेग दिसली तर पुन्हा तळव्यावर फिरवा, कारण गोळा भेगेतूनच उकलतो.

रस्सा तुमच्या घरचा असेल तसाच करा. मी तीन कांदे उभे चिरून तेलावर चांगले तांबूस-काळसर करते, अर्धी वाटी सुकं खोबरं भाजते, दोन्ही बारीक वाटते. तेलात आलं-लसूण, वाटण, दोन चमचे संडे मसाला (मटणासाठीचा तिखट मसाला), हळद. तेल सुटलं की गरम पाणी. पातेलं पसरट हवं, गोळे एका थरात बसतील एवढं. रस्सा नीट उकळू लागला की एकेक गोळा कडेने सोडायचा आणि पहिली आठ मिनिटं डाव अजिबात घालायचा नाही. पातेलं कानांनी धरून हलवायचं. मग आच मंद करून झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं. दाणकन उकळी फुटू देऊ नका. एक गोळा मधोमध कापून बघा, आत गुलाबी राहता कामा नये. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तो पृष्ठभागच आतपर्यंत मिसळला जातो, म्हणून गोळा मध्यापर्यंत शिजायलाच हवा. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मटणाच्या गोळ्यात ७१ अंश सेल्सिअस, चिकनच्या गोळ्यात ७४.

चिकनचे करणार असाल तर छातीचं मांस टाळा. लेगपीसचं हाडं काढलेलं मांस खिम्याला द्या. रश्श्यात बारा-पंधरा मिनिटं पुरतात.

आणि आता ज्यासाठी मुळात हे सगळं लिहायला घेतलं ते. पाकिटाची सोय घरच्या गोळ्यांनाही मिळवता येते. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार खात नाहीत. बुधवारी ऑफिसातून येऊन खिमा मळणं होत नाही. म्हणून रविवारी मी किलोभराचे गोळे वळते, अर्धे रश्श्यात आणि अर्धे फ्रीझरमध्ये. गटारीच्या आधी मात्र फ्रीझर रिकामा करते, श्रावणभर तिथे मटार आणि ओलं खोबरं राहतं.

स्टीलच्या ताटात बटर पेपर पसरा आणि गोळे एकमेकांना न लागता मांडा. ताट फ्रीझरच्या तळाला टेकेल असं ठेवा, धातूला धातू लागला की लवकर गोठतं. कारखान्यात उणे ३०-४० अंशांच्या झोतात गोळे झटपट गोठतात, त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात. घरी गोठणं संथ असतं, कण मोठे होतात, मांसाच्या पेशी फाडतात आणि नंतर पाणी सुटतं. म्हणून गोळे लहान ठेवायचे, गार करूनच आत ठेवायचे, आणि त्या वेळी दुसरं काही गरम आत ढकलायचं नाही. तीनेक तासांत दगडासारखे झाले की झिपलॉक पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. वेगळ्या दाराचा फ्रीझर असेल तर दोन महिने चव छान राहते. एकदारी फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर तेवढा भरवसा नको. त्यात आइस्क्रीम कडक राहत नसेल तर गोळे चार दिवसांत संपवा.

शिजवताना वितळवायचे नाहीत. वितळलेला गोळा पाणी सोडून लिबलिबीत होतो. रस्सा खळखळता ठेवून गोठलेलेच गोळे चार-चार करून सोडा, उकळी मोडली की थांबा, परत आली की पुढचे. वेळ आठ-दहा मिनिटं जास्त लागतो. बुधवारचा रस्सा मी असाच करते, वाटणही रविवारचंच फ्रीजमध्ये असतं. अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ, तोवर भाकऱ्या होतात.

गोळे अर्धवट उकडून साठवण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मानू नका. अर्धवट शिजवलं की आतलं मांस नुसतं कोमट होतं आणि जंतूंना हवं तसं वातावरण मिळतं. एकतर पूर्ण कच्चे ठेवा, नाहीतर पूर्ण शिजलेले.

पूर्ण शिजलेले ठेवायचे ते बाहेरगावी द्यायला, रश्श्याची चव त्यात कमी मुरते हे धरूनच. मुलगा पुण्याला शिकायला असल्याने मी ते नेहमी करते. त्याच्यासाठी गोळे तव्यावर सर्व बाजूंनी भाजून, झाकण ठेवून आतपर्यंत शिजवते, गार करून ताटात गोठवते. वाटण वेगळ्या डब्यात, तेही गोठलेलं. दोन्ही डबे एकमेकांना चिकटवून वर्तमानपत्राचे चार-पाच थर आणि मग जाड पिशवी. ठाण्याहून पुण्यापर्यंत तीन-चार तास ते सहज तग धरतात. त्याला सांगितलंय, पोचल्यावर डबा उघडून गोळा दाबून बघ. मध्ये बर्फाचा कण लागला तर फ्रीझरमध्ये ठेव. वरून मऊ पडलेला पण चांगला गार असेल तर त्याच रात्री रस्सा करून मित्रांना बोलव. आणि कोमट लागला तर टाकून दे, आईने केलेत म्हणून जीव गुंतवू नकोस.