आधी बैठक, मग ओवी, सिद्धान्त शेवटी

जगण्याचा अर्थ शोधायला निघालेला माणूस बहुधा पुस्तकांपासून सुरुवात करतो. ध्यान, साहित्य आणि चेतनेचं विज्ञान यांची सांगड घालायची असेल तर पुस्तक उशिरा उघडा. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचून लगेच ध्यानाला बसलं, की मन पाठीच्या कण्यात कुंडलिनी शोधत बसतं. साधी मुंगी चढली तरी साक्षात्कार वाटतो!

बैठक २० मिनिटांची. उन्हाळ्यात नागपुरात पहाटे साडेपाच बरे. सतरंजीवर चार बोटं उंच उशी घ्या. गुडघे कमरेखाली राहिले पाहिजेत, नाहीतर पाठ वाकते आणि डुलकी लागते. नाकपुडीशी श्वास आत जाताना गार, बाहेर येताना कोमट लागतो, तेवढंच बघा. तो मुद्दाम लांबवू नका.

दिवसभरासाठी घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर तीन गजर लावायला सांगा, वेळा तुम्हाला कळू न देता. गजर वाजायच्या ऐन आधी मनात काय होतं ते दोन ओळींत लिहा. मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट यांची पद्धत याच धर्तीची आहे. ‘शांत वाटलं’ ही नोंद नव्हे, तो निकाल. ‘डाव्या घोट्याला खाज, आतल्या आवाजात शब्द: दूध उतू गेलं’ ही नोंद.

रात्री पाच ओव्या किंवा एक छोटी कविता, मोठ्यानं, दोनदा. त्याच दिवशी अर्थ लावू नका.

विज्ञान आठवड्यातून एकदा पुरे, तेही नोंदींतला प्रश्न घेऊन. समजा लाईन गेली, कूलर थांबला आणि तेव्हा कळलं की तासभर घरघर चालू होती. ती आधी जाणवत होती का? तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी १९९५ मध्ये खिडकीबाहेरच्या ड्रिलचं उदाहरण घेऊन हाच पेच मांडला: त्यांच्या मते आवाज अनुभवात होता, फक्त विचाराला आणि बोलण्याला उपलब्ध नव्हता. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बार्स यांच्या १९८८ च्या मांडणीत जाणीव म्हणजे मेंदूभर प्रसारित झालेली माहिती. त्या हिशेबानं उत्तर ‘नाही’कडे झुकतं. दोन्ही बाजू आपल्या नोंदीला लावून पाहा.

पंधरवड्यानं सगळ्या नोंदी सलग वाचा. एखादं माणूस, एखादं देणं, जुना अपमान पुन्हा पुन्हा आलेला दिसेल. पुढची कविता त्यावरून निवडा. झोप उडाली किंवा जीव घाबरला, तर बैठक थांबवून डॉक्टरांना भेटा.