पोकळ मुठीचा जुना सुरा घेताना

१९८७ साली राजमाचीला जाताना माझ्या कमरेला असाच एक होता. पोकळ मूठ, टोपणात होकायंत्र, पात्याच्या पाठीवर करवतीचे दात. मुठीत काड्या, गळ, सुई-दोरा. कापला काय, तर खिचडीचा कांदा! तरी चोर बाजारात तसला दिसला की आजही पाय थबकतात.

घ्यायचाच तर शुक्रवारी उजाडायच्या आत जा. मूठ एका हातात, पातं फडक्यात धरून हलवून बघा. पातं मुठीत शेवटपर्यंत जात नाही, बहुतेकांत तोंडाशीच नटाने आवळलेलं असतं. खुळखुळत असेल तर आवळता येईल, पण त्याने लाकूड फोडायला जाऊ नका. होकायंत्र बघताना टोपण काढून पात्यापासून लांब धरा, पोलाद सुईला ओढतं. पातं ९ इंचांपेक्षा लांब असेल तर सरळ पुढे चला, परवान्याचं झंगट नको.

गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर घेऊन सुटू नका. मी सुटलो होतो. पात्यावरची अक्षरं गेली, अजून हळहळतो. शिलाई मशीनचं तेल रात्रभर लावून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने हलकेच घासा.

चामड्याच्या म्यानात मात्र कायमचा ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत डागाळतं. माझा तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात असतो. म्यान खिळ्यावर रिकामंच लटकतं.