आखाजीचा झोका आणि गुडघ्यापर्यंतचे केस

माझे केस गुडघ्यापर्यंत. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, धुळ्याकडे, निंबाच्या झोक्यावर बसले आणि वेणी दोरात अडकली. मुळापासून कळ आली. मग एकच मोठा अंबाडा घालून पाहिला, तर तो वजनाने मानेवर घसरायचा.

यंदा मायने सुचवलं तसं केलं. आदल्या रात्री तेल लावलं. नुकते धुतलेले केस फार निसरडे असतात. दोन वेण्या घातल्या, मानेपाशी एकमेकींवरून नेऊन डोक्याभोवती गुंडाळल्या. आकडे वेणीतून खालच्या केसांत, उलटे वळवून खोचले. सगळी पकड तिथेच आहे! वर काळी जाळी, जाळीलाच बांधलेला मोगऱ्याचा गजरा आणि डोक्यावरून पदर. वैशाखाच्या उन्हात मान मोकळी राहिली. गौराई बोळवून आलो तरी एक आकडा सुटला नाही.